दिवाकर, या फिल्टरांचं मी काय करू?

दिवाकर, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सगळे तुझ्या आठवणी सांगत होते, तेव्हा एका वक्त्याने तुला मितभाषी म्हटलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. पुढे कुंदावहिनी पांढरी साडी नेसून बसल्या होत्या म्हणून गप्प राहिलो, नाहीतर उठून माईक हिसकावून घेणार होतो. मितभाषी! सत्तावीस वर्षं मी तुझ्याबरोबर एका शटरखाली काढली. टीव्ही घेऊन आलेल्या माणसाला ‘उद्या या’ एवढं सांगितलं की काम भागत होतं. तू त्याला स्टुलावर बसवायचास आणि टीव्ही कसा चालतो ते अगदी अंतराळापासून सुरू करायचास. त्याची एसटी निघून जायची, मागे चार गिऱ्हाइकं खोळंबायची, आणि तुझं अजून अँटेनाच चाललेलं असायचं. उलट जिथे बोलायला हवं होतं तिथे तुझ्या तोंडाला कुलूप. कुठला सुटा भाग कुठे ठेवलाय, शाळेच्या यंत्रांत तू काय करून ठेवलंयस, छातीत दुखतंय, यातलं एक अक्षर कधी बोलला नाहीस. तेवढ्यापुरता तो वक्ता बरोबर होता म्हणा.

आणि जायला तरी वेळ कोणती शोधलीस! मुहूर्त-बिहूर्त तू मानत नव्हतास, मला ठाऊक आहे, पण माणसाने काही काळवेळ बघावी की नाही? ऐन मे महिना, पांढरकवड्याचा रस्ता तापून चपलेला चिकटतोय, आणि टेबलावर शाळेचे चार संच पोट फाडून पडलेले. त्यांचे स्क्रू बाटलीच्या बुचांत, एका बुचात दोन संचांचे मिसळलेले. मी तुला शंभरदा सांगितलं होतं की बुचांवर नंबर टाक. तू म्हणायचास, “मले माहीत हाये न कोनता कोनाचा.” तुला माहीत होतं, बरोबर. आता तुला विचारायला कुठे येऊ?

हल्ली दुकानात येणारा प्रत्येकजण त्या संचांकडे बोट दाखवून विचारतो, हे काय आहे. मग मलाच सांगावं लागतं. गावाबाहेर हायवेच्या कडेला मूकबधिर मुलांची निवासी शाळा आहे, तिथले हे संच. बाईंच्या गळ्यात माईकवाला छोटा ट्रान्समीटर, आणि ज्या मुलांना थोडंफार ऐकू येतं त्यांच्या छातीवर पट्ट्याने बांधलेला रिसीव्हर, त्यातून कानात वायर. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या तरी त्यांचा आवाज रेडिओवरून थेट मुलाच्या कानात. पंख्याची घरघर नको, ट्रकांचे हॉर्न नकोत, फक्त बाई. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नव्या संचांसाठी शाळा अर्ज करत राहिली, आणि तोवर हे बारा संच जिवंत ठेवायचं तू अंगावर घेतलंस. “आपण करू,” असं तिथल्या गेडाम बाईंना सांगून आलास. ‘आपण’ म्हणजे कोण, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दर उन्हाळ्यात बाराही संच आपल्याकडे यायचे आणि शाळा उघडायच्या आत परत जायचे, हा तुझा नेम. यंदा आठ तू तपासून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोरा बांधून ठेवलेस. उरलेले चार माझ्या गळ्यात टाकून गेलास. मी तर त्याच आठवड्यात ठरवलं होतं की आता पुरे. शटर ओढायचं आणि पोराच्या मोबाइलच्या दुकानात खुर्ची टाकून बसायचं. कव्हर विकायची, काच चिकटवायची. तिथे एसी आहे. पोरगाही म्हणाला, “बाबा, आता कायले तुमी या भंगारात जीव घालून राह्यले?” मला त्याचं पटलं होतं. फक्त ते चार संच परत करायचे आणि मोकळं व्हायचं, एवढंच राहिलं होतं.

एवढंच! त्या संचांमधला फिल्टर तूच मला ओळखायला शिकवलास. शर्टाच्या बटणाएवढी पत्र्याची गोल डबी, खाली तीन पाय. सॉ फिल्टर. तू नाव नेहमी पूर्ण सांगायचास, सरफेस अकूस्टिक वेव्ह, म्हणजे पृष्ठभागावरून चालणारी आवाजाची लाट. आत स्फटिकाची गुळगुळीत चकती. तिच्या दोन टोकांना केसाहून बारीक दातांच्या कंगव्यांची एकेक जोडी. एका टोकाला रेडिओचा सिग्नल दिला की स्फटिकाचं अंग शहारतं, ती शिरशिरी लाट होऊन दुसऱ्या टोकाला पोचते आणि तिथे परत तिची वीज होते. दातांच्या अंतरात जी लाट नेमकी बसते ती पार होते, बाकीच्या वाटेतच विरतात. हे मला पाठ आहे, दिवाकर. झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवीन. ट्रक रस्त्यात उभा करून टेप दुरुस्तीला आणलेल्या त्या हैदराबादच्या ड्रायव्हरलाही तू हेच ऐकवलं होतंस, तेही तुझ्या त्या हिंदीत. “सुनो भई, ये लाट पत्थर के उपर से चलती हाये.” मागे हॉर्नवर हॉर्न वाजत होते. त्याच्या टेपमध्ये असला फिल्टर नव्हताच मुळी! त्याचा नुसता पट्टा तुटला होता.

तुझं सगळ्यात आवडतं वाक्य होतं, ती लाट विजेपेक्षा लाख पटीने हळू चालते. हे तू अशा थाटात सांगायचास जसं काही तुझ्याच घरचं कोणी मोठ्या पदावर पोचलंय. “हळू चालते म्हणूनच एवढ्याशा चकतीत मावते, शरद. हळू चालते म्हणूनच निवडता येते.” आणि मग स्वतःच्या हळूपणाला तोच दाखला द्यायचास. दोन तासांच्या कामाला दोन दिवस लावायचे आणि वर विज्ञान सांगायचं. मी चिडून म्हणायचो, तू स्फटिक नाहीस, मेकॅनिक आहेस. तू हसायचास आणि चष्मा कपाळावर चढवून पुन्हा त्याच पायाला डाग द्यायला लागायचास.

आपला खरा वाद मात्र वेगळाच होता आणि तो तू अर्धवट सोडून गेलास. तू त्या लाटेला आवाज म्हणायचास, मला ते कधीच पटलं नाही. सेकंदाला कोट्यवधी वेळा थरथरणारी चीज, कोणाच्या बापाला ती ऐकू येणार नाही. “ऐकूच येत नाई तं आवाज कायचा?” मी म्हणायचो. “लाट म्हण, थरथर म्हण.” त्यावर तू शांतपणे, सोल्डरचा धूर फुंकत, म्हणायचास, “आवाजच हाये तो. तुले ऐकू येत नाई, त्यात त्याचा काय दोष?” मग मी चहा मागवायचो आणि तू बिनसाखरेचा सांगायचास आणि माझ्यातला अर्धा प्यायचास. वीस वर्षं हा वाद चालला. मी हरलो असं मला कधी वाटलं नाही, आणि जिंकलो असंही नाही.

आता ती गोष्ट. तिच्यावर आपण नंतर कधी बोललो नाही, आणि बोलल्याशिवाय मला पुढे लिहिता येणार नाही.

तीन वर्षांपूर्वी तू लग्नाला मारेगावला गेला होतास. गेडाम बाई नऊ नंबरचा संच घेऊन आल्या. शाळेत नवी पोरगी आली होती, जमुना, सात वर्षांची, मारेगावकडच्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची. तिच्यासाठी हा संच काढला होता, आणि तो बंद. मी उघडून पाहिलं. फिल्टर मेलेला. बाई म्हणाल्या, “भाऊ, काई करा पण आज द्या. पोरगी पहिल्यांदाच कानात काई घालून राह्यली.” मी काय केलं? टीव्हीत आपण सगळेच करतो तेच केलं. फिल्टर काढला आणि त्याच्या जागी एक बारीकसा कपॅसिटर डकवला. जंपर. दहा मिनिटांत काम. बाईंना रस्त्यापलीकडे उभं करून बोलायला लावलं, कानात घालून ऐकलं. खणखणीत! आधी येत होता त्यापेक्षा मोठा आवाज. मी स्वतःवर खूश होतो. तू असतास तर दोन दिवस लावले असतेस, असंही बाईंना म्हणालो. त्या हसल्या.

दुकानात खणखणीत होता, कारण दुकानाच्या आसपास त्या पट्ट्यात बोलणारं दुसरं काही नव्हतं. शाळा हायवेवर आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही. निवडणाराच काढून टाकला की सगळंच आत येतं, हे मला पाठ होतं आणि तरी डोक्यात आलं नाही.

तू तिसऱ्या आठवड्यात शाळेत गेलास. परत आलास तेव्हा तुझा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. नऊ नंबरचा संच काउंटरवर ठेवलास आणि म्हणालास की बाई एक शब्द बोलल्या की त्यावर नाक्यावरच्या वॉकी-टॉकीचा माणूस बोलतो, जनरेटर खरखरतो, आणखी कसली तरी शिटी वाजते. पोरगी तीन आठवडे हे कानात घालून बसली. बाईंनी तिला खुणांनी विचारलं, का नाही सांगितलंस? ती काय म्हणाली ते तू मला बाईंच्या शब्दांत सांगितलंस. “ती म्हणते, ऐकणं असंच असते असं वाटलं तिले.”

मी काय बोललो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, “मंग काय, तिले बिनआवाजाचं बसू द्यायचं होतं का? काई नसन्यापेक्षा हे बरं नाई?” तू म्हणालास, “नाई. काई नसतं तं तिनं सांगतलं असतं.”

त्यानंतर आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. माणसाला काही बोलायचं असेल तर बोलावं, भांडावं, चप्पल फेकून मारावी. तू तो काढलेला कपॅसिटर एका कागदावर ठेवलास, तो कागद माझ्या खुर्चीसमोर ठेवलास, आणि आठ दिवस गप्प. गिऱ्हाइकांशी मात्र नेहमीसारखी अँटेनापासून सुरुवात. एका मेलेल्या संचातून चांगला फिल्टर काढून तू नऊ नंबरात बसवलास आणि जमुनाला तो नेऊन दिलास, तेही मला न सांगता. मला किती राग आला होता म्हणून सांगू! मी त्या पोरीचं वाईट व्हावं म्हणून थोडंच केलं होतं? नवव्या दिवशी तू म्हणालास, “चहा सांग.” एवढंच. मीही सांगितला. माझं चुकलं हे मी तुला म्हटलं नाही, आणि तीन वर्षांत जेव्हा जेव्हा विषय निघायच्या बेतात आला, तेव्हा मी माझं बरोबरच होतं असं दाखवत राहिलो. माझं चुकलं होतं, दिवाकर. मला ते त्याच संध्याकाळी कळलं होतं. आता मोठ्याने म्हणतोय तर ऐकायला तू नाहीस, ही एक तुझीच खोड.

जूनच्या सुरुवातीला कुंदावहिनींनी मला घरी बोलावलं. तुझ्या कपाटात लग्नपत्रिकांचा गठ्ठा सापडला होता, सुतळीने बांधलेला. “भाऊजी, हे पाहा. मले वाटलं कोनाच्या लग्नाचं काई असंन. याच्यात तं जिकडं तिकडं तुमचंच नाव हाये,” त्या म्हणाल्या. मी तिथेच बसून सुतळी सोडली. पत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर पेन्सिलीने, तुझ्या त्या मुंगीसारख्या अक्षरात लिहिलेलं होतं. मी सर्किटचे आराखडे शोधत होतो. तू गेल्यापासून दुकान उलटंपालटं केलं होतं. आणि तू काय लिहून ठेवलं होतंस? माझ्या चुका.

‘शरदने पाच नंबरचा फिल्टर काढताना तिन्ही पायांना एकदम उष्णता दिली. डबीचं सील फुटलं. एक पाय, मग थांबायचं, मग दुसरा.’ ‘शरद नायलॉनचा शर्ट घालून पंख्याखाली फिल्टर हाताळतो. आधी टेबलाच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवत नाही.’ ‘शरदने डबीचं अंग ग्राउंडला टाकलं नाही. सिग्नल फिल्टरच्या आतून न जाता बाहेरूनच पलीकडे उडी मारतो.’ ‘शरद काम करताना शिटी वाजवतो. चुकतो तेव्हा शिटी थांबते. शिटी थांबली की मान वर करून बघावं.’

कार्डामागून कार्ड. माझा चेहरा तापायला लागला. वहिनी समोर बसून गहू निवडत होत्या, त्यांनी विचारलं, “काय लिवलं हाये?” मी म्हणालो, “तुमच्या नवऱ्यानं माझी चुगली करून ठेवली हाये.” माणूस मेल्यावरही चिडायला लावतो म्हणजे कमाल झाली. एका कार्डावर होतं, ‘शरदचं बोट भाजलं. बर्फ आणून दिला. काही नाही म्हणाला. इस्त्रीचा स्टँड त्याच्या उजव्या बाजूला सरकवणे.’ सोल्डरच्या इस्त्रीचा तो स्टँड कोणी सरकवला म्हणून मी तुझ्याशी दोन दिवस भांडलो होतो. आठवतं? तू एक शब्द बोलला नव्हतास. बोलायला काय झालं होतं?

आणि मग ते कार्ड. कुठल्या तरी कुंकवाच्या बोटांनी सजवलेल्या पत्रिकेच्या मागे.

‘नऊ नंबर. जमुना. शरदने जंपर मारला. जंपर त्याला मी शिकवला. टीव्हीत पंधरा वर्षं मीच मारत होतो. गिऱ्हाईक तक्रार करत नाही म्हणजे चालतंय, हे त्याला मीच सांगितलं. त्याला काय बोलू?’

मी ते वहिनींना वाचून दाखवलं नाही. चष्मा पुसायचं निमित्त केलं.

तीन वर्षं, दिवाकर! तीन वर्षं मी समजत होतो की तू माझ्यावर रागावून गप्प बसला होतास. आठ दिवस तू स्वतःवरच रुसून बसला होतास आणि मी समोर बसून तुझ्या नावाने दात-ओठ खात होतो. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन गाढवं. एकाने ‘माझं चुकलं’ म्हटलं असतं तर दुसऱ्याने लगेच ‘नाही, माझं’ म्हटलं असतं, आणि चहा पहिल्याच दिवशी आला असता. गिऱ्हाइकाला तू अंतराळापासून सांगायचास, मग मला एवढं एक वाक्य सांगायला तुझी जीभ का अडखळली? मला तुझा आजही राग येतो. आणि तू हवा आहेस, इतका हवा आहेस की सकाळी शटर वर करताना मी अजून अर्धवट वाकून तुझ्या बाजूचं कुलूप तुझ्यासाठी सोडतो.

पण त्या कार्डांनी काम केलं. मी ती टेबलावर ओळीने मांडली आणि शरद नावाच्या माणसाने जे जे केलं होतं ते न करता बसलो. सुती शर्ट घातला. आधी पत्र्याला हात. एक पाय, थांब, दुसरा पाय. डबीचं अंग ग्राउंडला. दोन तासांच्या कामाला खरोखर दोन दिवस लागले आणि वर विज्ञान सांगायला समोर कोणी नव्हतं. तुझ्या पेढ्याच्या डब्यात मेलेल्या संचांतून जपून काढलेले फिल्टर होते. तपासले तर त्यांतले तीनच चांगले निघाले. दोन नंबर झाला, सात झाला, अकरा झाला. सातचे स्क्रू अकराला लागत होते, ते तुझ्या नावाने शंख करत बदलले. आणि चौथा राहिला. चौथा म्हणजे नऊ नंबर. जमुनाचा. यंदा त्याचा फिल्टर पुन्हा गेला होता, आणि डबा रिकामा होता.

नागपूरला फोन केले. तसला फिल्टर आता कोणी ठेवत नाही म्हणाले, एकाने ‘बघतो’ म्हटलं. सोमवारी शाळा उघडणार होती. शनिवारी दुपारी मी नऊ नंबर समोर घेऊन बसलो होतो. कपॅसिटर हातात होता, दिवाकर. तुझ्यापासून काय लपवायचं? इस्त्री तापलेली होती. दहा मिनिटांचं काम, बाराचे बारा संच दिले की माझं शटर खाली. पोरगी आता दहा वर्षांची आहे, आता तिला फरक कळेल, ती सांगेल, असंही मनाला समजावून पाहिलं. आणि नाही सांगितलं तर? मी कपॅसिटर परत पाकिटात टाकला आणि इस्त्रीची पिन काढली. तुझ्यासाठी नाही हं. उगाच फुशारू नकोस.

सोमवारी अकरा चालू संच आणि बंद नऊ नंबर घेऊन शाळेत गेलो. तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. पोरं फाटकापाशी आली, माझ्या मागे कोण उतरतंय ते बघत राहिली. त्यांनी आपल्याला खुणांची नावं ठेवली आहेत हे तुला माहीत होतं का? मला बाईंनी त्या दिवशी सांगितलं. तुझं नाव कपाळावर दोन बोटं, चढवलेल्या चष्म्याचं. माझं नाव पोटावरून गोल हात. ठीक आहे, पोरं खरं बोलतात. बाईंनी सकाळीच वर्गात तुझी बातमी सांगितली होती. संच बांधताना पोरं माझ्या हाताला हात लावून जात होती.

जमुना उशिरा आली. पोडावरून येणारी जीप चुकली होती. तिला काही माहीत नव्हतं. ती पहिल्या बाकावर बसली आणि छातीवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं, माझा कुठे आहे? मी नऊ नंबर तिच्यापुढे ठेवला आणि मान हलवली, झाला नाही. बाईंनी तिला खुणांनी नीट समजावलं, आत काही नाही, आवाज येणार नाही. तिने समजून घेतलं. रागावली नाही. मग कपाळावर दोन बोटं ठेवून दाराकडे पाहिलं.

बाईंनी सांगायला हात उचलला. मी म्हणालो, “थांबा बाई, मी सांगतो.” का म्हणालो कुणास ठाऊक. मला तर त्यांची एक खूण येत नव्हती. बाईंनी बाकाआडून करून दाखवली आणि मी तशीच केली. आधी तुझं नाव, कपाळावर दोन बोटं. मग ती दुसरी खूण. दिवाकर, इतक्या लोकांना मी तोंडाने सांगितलं, फोनवर सांगितलं, वर्तमानपत्रात द्यायला कागदावर लिहून दिलं. पण तू गेलास हे मला पहिल्यांदा तेव्हा कळलं, स्वतःच्या हातांनी करावं लागलं तेव्हा. मला रडू आलं. सगळ्या वर्गासमोर आलं.

जमुनाने माझ्या हातांकडे बघितलं. मग तिने नऊ नंबरवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं. मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “इचारते, आता हे कोन करन?”

पोराच्या दुकानातली खुर्ची तयार होती. एसी होता. फिल्टर कुठून मिळेल याचा मला पत्ता नव्हता. अजूनही नाही.

मी स्वतःकडे बोट केलं.

तिचा विश्वास बसला नाही. बसावा तरी का? तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा स्वतःकडे बोट केलं. तेव्हा तिने तो संच उचलला, त्याचा पट्टा नीट गुंडाळला, आणि माझ्या दोन्ही हातांत ठेवून वर आपले दोन्ही हात दाबले.

आता मी कुठे जाणार, सांग.